थांबायचं, पण झोपायचं नाही

सुट्टीसाठी पुण्याहून आलेली आमची नात सहावीत आहे. परवा दुपारी ती खोलीभर वायरी पसरून बसली होती. हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन छोटे दिवे आणि एक बटण. त्यांच्यामध्ये पत्त्याच्या पानाएवढी आर्डुइनोची पाटी. चौकातला सिग्नल करायचा होता. बटण दाबलं की रस्ता ओलांडणाऱ्यासाठी गाड्यांना लाल दिवा लागायला हवा, अशी तिची कल्पना. दिवे छान लागत होते. बटण मात्र कधी चालायचं, कधी नाही.

"आजोबा, हे बटण ऐकतच नाही हो!" ती वैतागून म्हणाली.

मी तिच्या स्क्रीनवर नजर टाकली. हिरवा लावा, 'डिले' पाच हजार. पिवळा लावा, 'डिले' दोन हजार. आकडे मिलिसेकंदांचे, म्हणजे पाच सेकंद आणि दोन सेकंद. मी हसलो नाही. "ऐकतच नाही" हे शब्द ऐकून मी एकदम बावीस-तेवीस वर्षं मागे, शहापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात जाऊन पोचलो होतो.

२००३ सालच्या फेब्रुवारीत अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला. ते महिन्या-दोन महिन्यांत थोडं सावरलं, पण वाचा गेली ती गेली. गेली म्हणजे आवाज होता, समजतही बरंच होतं. समोर तांब्या ठेवला तर तो कशासाठी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक. फक्त 'तांब्या' हा शब्द ओठांवर येत नव्हता. "ते… ते…" म्हणून ते थांबायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं.

अण्णांनी सारी नोकरी तार ऑफिसात काढली होती. मोर्सच्या कट्ट-कडकट्टमधून इंग्रजी मजकूर कागदावर उतरवणारा माणूस. लहानपणी ते मला टेबलावर बोटाने वाजवून दाखवायचे. कट्ट म्हणजे एक मात्रा, कडकट्ट म्हणजे तीन. दोन अक्षरांच्या मध्ये तीन मात्रांची शांतता, दोन शब्दांच्या मध्ये सात. "बाळ, मधली जागा चुकली की अख्खी तार चुकते. न वाजवलेलंसुद्धा ऐकावं लागतं," असं ते सांगत. झटक्यानंतर मला भाबडी आशा होती की तोंडाने नाही तर निदान डाव्या हाताने ते मोर्स तरी वाजवतील. उपचार करणाऱ्या बाईंनी समजावलं, "अहो, यात जीभ अडत नाही, भाषाच अडते. बोलणं, लिहिणं, खुणेची लिपी, सगळ्याची वाट तिथूनच जाते."

त्या बाई कन्नड बोलणाऱ्या, फार मायाळू. मराठी त्यांना कामापुरतं यायचं. त्यांच्याकडची चित्रांची कार्डं होती कन्नड आणि इंग्रजी. त्यांनी मला पद्धत शिकवली आणि सांगितलं, "मराठी कार्डं तुम्ही घरीच करा." पद्धत साधी होती. चित्र दाखवायचं आणि थांबायचं. शब्द आला नाही तर पहिलं अक्षर दाखवायचं आणि पुन्हा थांबायचं. तरीही नाही आला तर मग पूर्ण शब्द. "सगळ्यात महत्त्वाचं ते मधलं थांबणं," बाई म्हणाल्या. "घरची माणसं तिथेच चुकतात. रुग्ण तोंड उघडतो आणि घरचे शब्द सांगून मोकळे होतात."

अगदी तसंच आमच्या घरी चालायचं. अण्णांनी "ते…" म्हटलं की आई म्हणायची, "पाणी हवं?" आमच्या सौ. म्हणायच्या, "पेपर का?" आणि मी म्हणायचो, "पंखा लावू?" तिघांच्या तीन शब्दांखाली अण्णांचा एक शब्द दबून जायचा.

मी तेव्हा पतसंस्थेत कारकून होतो. संध्याकाळच्या क्लासला जाऊन 'व्हिज्युअल बेसिक' शिकलो होतो आणि घरात विंडोज ९८ चा एक जुना संगणक घेतला होता. मला वाटलं, माणसांना थांबवत नसेल तर यंत्राला थांबायला लावू. यंत्र काही घाई करणार नाही. त्या मशीनवर मराठी अक्षरं उमटवणं कटकटीचं होतं. म्हणून ताईने तिच्या सुंदर अक्षरात शब्द कागदावर लिहून दिले आणि ते स्कॅन करून मी चित्रं केली. आईच्या आवाजात एकेक शब्द रेकॉर्ड केला. मांजर, तांब्या, चूल, छत्री, केळं. चित्र, मग चार सेकंद, मग अक्षर, मग चार सेकंद, मग शब्द, मग पुन्हा चार सेकंद. खाली दोन मोठी बटणं : 'पुढे' आणि 'थांब'. शब्द आला की अण्णांनी 'पुढे' दाबायचं, दमले की 'थांब'.

चार सेकंद थांबवायचं कसं? विंडोजमध्ये त्यासाठी 'स्लीप' नावाची आज्ञा आयती मिळते. स्लीप चार हजार. एका ओळीत काम.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा गंमतच झाली. बारा सेकंद काहीच दिसलं नाही आणि शेवटी चित्र, अक्षर, शब्द सगळं एकदम उमटलं. 'चित्र दाखव' असं मी सांगितलं होतं खरं, पण स्क्रीनवर ते रंगवायचं काम प्रोग्रॅमने सवडीने करायचं म्हणून बाजूला ठेवलं होतं, आणि सवड मिळायच्या आत मी त्याला झोपवलं होतं. मग मी प्रत्येक चित्रानंतर 'रिफ्रेश' म्हणजे 'आत्ताच्या आत्ता रंगव' अशी आज्ञा घातली. आता सगळं क्रमाने दिसू लागलं. मी खूश.

रविवारी सकाळी अण्णांना समोर बसवलं. डाव्या हातात माऊस दिला, बाण 'पुढे'वर नेऊन ठेवला. पहिलं दाबणं मीच केलं. मांजर आली. अण्णा बघत राहिले. ओठ हलले. आणि पहिलं अक्षर यायच्या आत ते म्हणाले, "मां…जर."

वाचकहो, साडेतीन महिन्यांनी माझ्या वडिलांच्या तोंडून आलेला तो पहिला धड शब्द होता.

आनंदाने त्यांनी 'पुढे' दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. स्क्रीनवर 'मां' आलं. जो शब्द त्यांनी आत्ताच कमावला होता, त्याचं पहिलं अक्षर यंत्र त्यांना शिकवत होतं. त्यांनी आणखी दोनदा दाबलं. 'मांजर' आलं. आईचा आवाज आला. आणि मग एकाएकी यंत्र सुटलं. ती चार दाबणी कुठे हरवली नव्हती. विंडोजने ती रांगेत जपून ठेवली होती. प्रोग्रॅम जागा झाल्यावर ती एकामागून एक त्याच्या हातात पडली. तांब्या, चूल, छत्री, केळं. दर बारा सेकंदांनी एक, कुणी न विचारता. अण्णा 'थांब' दाबत होते, पण ते बटणही त्याच रांगेत सगळ्यात मागे उभं होतं.

अण्णांनी माऊस सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांना वाटलं, चूक त्यांचीच. काहीतरी आपण बिघडवलं. मी कितीही सांगितलं तरी त्या दिवशी ते पुन्हा बसले नाहीत. पुढचे आठ-दहा दिवसही नाहीत.

क्लासच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "स्लीप काढून टाक. लूप घाल, घड्याळ बघत राहा, आणि लूपमध्ये 'डू-इव्हेंट्स' टाक." डू-इव्हेंट्स म्हणजे मध्येमध्ये रांगेत कोण उभं आहे ते पाहून त्याचं काम करून घ्यायचं. बटणं जिवंत झाली. पण संगणक त्या चार सेकंदांत लाखो वेळा घड्याळच बघत बसायचा. दुसरं एक विचित्र दिसलं. मांजरीच्या वेळी वाट बघत असताना 'पुढे' दाबलं की त्या वाट बघण्याच्या पोटात तांब्याचं काम सुरू व्हायचं. ते संपलं की प्रोग्रॅम अर्धवट राहिलेल्या मांजरीकडे परत यायचा, आणि तांब्याच्या चित्राखाली 'मां' उमटायचं. शब्द शोधणाऱ्या माणसापुढे चुकीचं अक्षर ठेवायचं, यापेक्षा वाईट काय?

तिसरी भानगड मला एका रात्री तपासत बसलो असताना सापडली. व्हिज्युअल बेसिकमधलं 'टायमर' नावाचं फंक्शन मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले ते सांगतं. दिवसाचे सेकंद ८६,४००. बारा वाजायला दोन सेकंद असताना चार सेकंद थांबायचं म्हटलं, तर प्रोग्रॅम ८६,४०२ व्या सेकंदाची वाट बघत बसतो. पण बाराच्या ठोक्याला मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. तो सेकंद जन्मात येत नाही. पुढचं अक्षर का येत नाही म्हणून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

अखेर वाट दाखवली ती आमच्या स्वयंपाकघराने. सौ. कुकर लावून दाराशी भाजीवालीशी घासाघीस करत होत्या. तीन शिट्या झाल्या, त्या आत आल्या, गॅस बंद केला आणि पुन्हा दाराशी गेल्या. मी बघत राहिलो. या बाईने कुकरची वाट बघितली, पण कुकरसमोर डोळे मिटून बसली नाही. दर क्षणाला झाकणाकडे बघत उभीही राहिली नाही. 'शिटी झाली की मला सांग' असं कुकरला बजावलं आणि आपली कामं करत राहिली. मध्ये कुणी हाक मारली असती तर तिने ओ दिली असती.

व्हिज्युअल बेसिकमध्ये असा कुकर होताच. त्याचंही नाव टायमरच, पण हा निराळा. फॉर्मवर ठेवायचा एक छोटा घड्याळाचा तुकडा. त्याच्या 'इंटरव्हल'मध्ये चार हजार लिहायचं आणि त्याला चालू करायचं. मग प्रोग्रॅम तिथे थांबतच नाही. काम संपवून मोकळा होतो आणि रांगेकडे लक्ष देत बसतो. चार सेकंद झाले की टायमरची शिटी इतर निरोपांसारखीच रांगेतून येते. (एका दमात जास्तीत जास्त ६५,५३५ मिलिसेकंद, म्हणजे पासष्ट सेकंदांपेक्षा किंचित जास्त. आणि शिटी अगदी काटेकोर वेळेवर येईल असं नाही, थोडं मागेपुढे होतं. अण्णांसाठी त्याचं काही अडत नव्हतं.)

मात्र सगळा प्रोग्रॅम उलटा-सुलटा करावा लागला. झोपणाऱ्या प्रोग्रॅमला आपण कुठे होतो ते आपोआप आठवतं. झोप उडाली की पुढची ओळ. शिटीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने हे स्वतः लिहून ठेवावं लागतं. मी 'पायरी' नावाची एक चिठ्ठी केली. एक म्हणजे चित्र दाखवून झालं, दोन म्हणजे अक्षर, तीन म्हणजे शब्द. शिटी झाली की आधी टायमर बंद करायचा, चिठ्ठी बघायची, पुढचं काम करायचं, चिठ्ठीवर नवा आकडा लिहायचा आणि टायमर पुन्हा लावायचा. 'थांब' दाबलं की टायमर बंद. 'पुढे' दाबलं की टायमर बंद, नवं चित्र, चिठ्ठीवर एक, टायमर चालू.

तो 'आधी बंद' मी पहिल्यांदा 'पुढे'च्या बटणात विसरलो होतो. त्यामुळे आधीच्या कार्डासाठी लावलेली शिटी नव्या कार्डावर वाजायची आणि चित्र आल्यावर एका सेकंदातच अक्षर यायचं. जुना गजर न मोडता नवा लावला की असंच होणार. आणि आईच्या आवाजानेही एकदा दगा दिला. आवाज वाजवण्याच्या आज्ञेला दोन रूपं आहेत. एका रूपात आवाज संपेपर्यंत प्रोग्रॅम अडकून राहतो, दुसऱ्यात आवाज वाजत राहतो आणि प्रोग्रॅम मोकळा असतो. मी पहिलं रूप वापरलं होतं. ते बदललं.

प्रोग्रॅम नीट झाला. पण अण्णांना पुन्हा समोर बसवायचं कसं? मी एक युक्ती केली. "अण्णा, यंत्र माझ्यामुळे बिघडलं होतं. आता दुरुस्त झालं का, तुम्ही बघून सांगा," असं म्हटलं. तार ऑफिसातल्या माणसाला यंत्र तपासायला सांगितल्यावर तो नाही म्हणेल? ते बसले. चित्र यायच्या आत त्यांनी मुद्दाम 'थांब' दाबलं. यंत्र तत्क्षणी थांबलं. 'पुढे' दाबलं. चित्र आलं. पुन्हा 'थांब'. पुन्हा थांबलं. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं. शब्द एकही म्हटला नाही. फक्त माझ्याकडे बघून मान हलवली. तारेची लाईन जोडली गेली की करायचे तशी.

त्यानंतर ते रोज बसू लागले.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. काही शब्द परत आले, काही आलेच नाहीत. 'छत्री' शेवटपर्यंत आली नाही. पण मला जे कळलं ते त्या काळात कळलं. प्रोग्रॅम दुरुस्त केल्यावर एका संध्याकाळी मी अण्णांजवळ बसलो होतो. त्यांनी "ते…" म्हटलं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी थांबलो. मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन… दहा. दहा झाल्यावर म्हटलं, "पाणी का?" आई दारातून बघत होती. ती म्हणाली, "अरे, ते केव्हाचे खिडकीकडे बोट दाखवताहेत. तू कुठे बघतोयस?"

मी घड्याळाकडे बघत होतो. थांबलो होतो, पण अण्णांची वाट बघत नव्हतो, दहाची वाट बघत होतो. माझ्या पहिल्या प्रोग्रॅमने केलं तेच मी केलं होतं. शब्द तोंडात कोंबणारे आम्ही आधी चुकत होतोच, पण डोळे-कान मिटून थांबणाराही काही कमी चुकत नव्हता. त्या संध्याकाळनंतर मी आकडे मोजणं सोडलं. थांबायचं, पण हात, डोळे, ओठ सगळ्यांवर लक्ष ठेवून. घाई मनात असू द्यावी, तोंडात नको. हे मला सोपं गेलं असं नाही. अण्णा २००८ साली गेले, तोवर थोडं जमू लागलं होतं.

व्हिज्युअल बेसिक ६ चे दिवसही संपले. आज मुलं नव्या भाषा शिकतात. त्यांत शिटीची सोय वेगवेगळ्या नावांनी आहेच. पायथॉनच्या टिकिंटरमध्ये 'आफ्टर' म्हणतात, जावास्क्रिप्टमध्ये 'सेट-टाइमआउट'. सी-शार्पमध्ये २०१२ पासून 'अवेट' आहे. त्याने चिठ्ठीही आपोआप लिहिली जाते. ओळ 'स्लीप'सारखी सरळ लिहायची, पण झोप मात्र लागत नाही. नावं बदलली तरी चूक तीच होते आणि दुरुस्तीही तीच.

नातीला मी यातलं फारसं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तुझा सिग्नल पाच सेकंद काय करतो?"

"थांबतो."

"थांबतो की झोपतो?"

ती विचारात पडली. मग तिला आर्डुइनोचं 'मिलिस' दाखवलं. सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारी मोजणी. हिरवा लावताना ती वेळ टिपून ठेवायची. मग फेरी थांबू द्यायची नाही. दर फेरीला बटण बघायचं आणि आत्ताच्या वेळेतून टिपलेली वेळ वजा करायची. पाच हजार भरले की पिवळा. मोजणी जवळजवळ पन्नास दिवसांनी शून्यावर येते. म्हणून बेरीज करून पुढची वेळ ठरवायची नाही, वजाबाकीच करायची, हेही तिच्याकडून लिहवून घेतलं. मध्यरात्रीच्या त्या सेकंदाची वाट बघत मी एकदा बसलो होतो, तिने बसू नये.

तासाभराने तिची हाक आली. मी जाऊन बसलो. हिरवा दिवा लागला होता. तिने बटण दाबलं, पिवळा लागला, मग लाल. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि या वेळी बटण माझ्यापुढे सरकवलं.

"तुम्ही दाबून बघा आजोबा. ऐकतं का सांगा."

मी डाव्या हाताने दाबलं.